कस्तुरीनं पाणी मागितलं नव्हतं

छत्रीबाग, इंदूर
१९ जुलै १९५३

रघुवीर,

आशीर्वाद लिहायची हाताला सवय आहे म्हणून लिहिते, आशीर्वाद. यापुढचं सगळं मनापासून आहे.

काल तू शाळेत आलास. उन्हाळा लागला की सरकार ग्वाल्हेरहून इंदूरला येतं, फायलींच्या पेट्या येतात, साहेबलोक येतात, तसा तूही आला आहेस हे मला भाजीवाल्याकडून कळलं होतं. तुझ्या बंगल्यापासून छत्रीबाग किती लांब आहे हे तुला मी सांगायला नको. तरी मनाची समजूत घातली, काम असेल. आणि काल समितीच्या माणसांबरोबर तू फाटकातून आत आलास आणि माझ्यासमोर हात जोडून म्हणालास, "नमस्ते बाईजी, आप ही संचालिका हैं?"

तुझं शेंबडं नाक मी पुसलेलं आहे, रघुवीर. बेबीच्या जन्मानंतर आई आजारी होती तेव्हा कॉन्व्हेंटमधून घरी आले की आधी तुला कडेवर घ्यायचे आणि मग दप्तर ठेवायचे. मला वाटलं, थट्टा करतोय. लहानपणी तू अशा थट्टा करायचास, दारामागून आवाज बदलून आबांना हाक मारायचास. मी वाट पाहिली तुझ्या हसण्याची. तू घड्याळ पाहिलंस.

बरं, मला ओळखलं नाहीस, ठीक. बेबीला?

ती आठवडाभर मुलांना सांगत होती, माझा भाऊ येणार, मोठा साहेब आहे. पन्नाशीला आली तरी बेबीच ती. आईचं महेश्वरी काढून नेसली. मुलांना तिनं तुझं नाव शिकवलं होतं. आठवतं ना तुझं नाव? लहानपणी तुझ्या कानात भिकबाळी होती आणि गणित अडलं की तू ती ओढत बसायचास, म्हणून तिनं तुझं नाव ठेवलं, कानाची पाळी ओढायची. मेंदूच्या तापात तिचे कान गेले तेव्हा ती धड बोलायलाही लागली नव्हती. आपल्या घरात तिनं हातांनी ठेवलेलं पहिलं नाव तुझं. आईच्याही आधी.

तुम्ही आत आलात आणि सगळ्या वर्गानं एकदम कानाच्या पाळ्या ओढल्या. तुमच्या अध्यक्षांनी, दिनानाथजींनी विचारलं, "ये क्या कर रहे हैं?" आणि तू म्हणालास, "आदत होगी, साहब."

मग तू हात पाठीमागे घेतलेस. एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलंस आणि जाईपर्यंत सोडलं नाहीस. मला ते उशिरा लक्षात आलं, बेबीला लगेच. तुम्ही गेल्यावर तिनं मला सांगितलं, "त्यानं हात धरून ठेवले होते. सोडले असते तर ते बोलले असते."

दिनानाथजींनी कस्तुरीला उभं केलं. कस्तुरी म्हणजे बेटम्याहून आलेली ती मोठ्या डोळ्यांची मुलगी, इथे तिच्या मावशीकडे राहते. दिनानाथजींच्या गालात पानाचा तोबरा. त्या तोबऱ्यातून त्यांनी तिचं नाव विचारलं. जिला ओठ पाहून बोलणं कळतं तिला मिशी आणि सुपारी कळली. तिनं बेबीकडे पाहिलं, बेबीनं हातानं सांगितलं, कस्तुरीनं फळ्यावर आपलं नाव लिहिलं, बापाचं, गावाचं लिहिलं, बेरीज करून दाखवली. दिनानाथजी म्हणत राहिले, "हाथ नहीं, बेटी, हाथ नहीं। मुँह से।"

तुम्ही चहा घेतलात, पोहे खाल्लेत. मुलांनी तुम्हाला एक खूण ठेवली आहे. तळहातावर मूठ आपटायची, शिक्का मारतात तशी. आता सरकारी माणूस म्हटलं की मूठ.

दरबारच्या काळात आबांनी शब्द टाकला आणि या शाळेला वर्षासन बांधून मिळालं. संस्थान गेलं, मध्यभारत आलं, तेव्हापासून दर वर्षी मी अर्ज लिहिते, पूर्ववत चालू ठेवावे. यंदा तुम्ही म्हणालात, आधी पाहू. पाहायला माझी ना नव्हती. पण पाहायला या, रघुवीर. रविवारी ये. समिती घरी ठेवून ये. बेबी विचारते आहे, जेवायला काय करू.

तुझी
ताई


छत्रीबाग, इंदूर
२२ ऑक्टोबर १९५३

श्री. रघुवीर यांस,

रविवार आला नाही. सरकार थंडीला परत ग्वाल्हेरला गेलं, तूही गेलास. आता तुझा कागद आला आहे, खाली तुझी सही, वर "भवदीय".

अनुदान चालू राहील. नुसतं चालू नाही, दुप्पट होईल. पहिल्या ओळीला मी देवासमोर साखर ठेवायला उठले होते. मग पुढच्या ओळी वाचल्या.

वर्गात हातांच्या खुणा वापरू नयेत. मुलांना तोंडानं बोलायला शिकवावं, त्यासाठी मुंबईची प्रशिक्षित शिक्षिका नेमावी. आणि तिसरी अट मी तुझ्याच हिंदीत उतरवते, मला ती मराठीत लिहिता येत नाही: "कोई बधिर व्यक्ति अध्यापन कार्य पर न रखा जाए।"

कोणी बधिर व्यक्ती. या शाळेत शिकवणारी बधिर व्यक्ती एकच आहे. तिनं ही शाळा आपल्या ओसरीवर सुरू केली, सराफ्यातल्या एका सोनाराचा मुलगा आणि स्वतःची पाटी एवढ्यावर. तुझ्या मुंजीत जिनं तुझ्या शेंडीला तेल लावलं ती ही व्यक्ती.

तुला आबा रात्री सराफ्यात मिठाई खायला न्यायचे ते आठवतं का? तुम्हा दोघांना. राजवाड्यापासून चालत, तू एका बोटाला, ती दुसऱ्या. हलवाई विचारायचा, बिटिया क्या लेगी? ती हातानं सांगायची आणि तू मोठ्यानं सांगायचास. तुला मावाबाटी आवडायची, तिला खोबऱ्याची वडी. एकाच प्रकारचं घेऊ म्हणायचे आबा. तुझ्या तोंडाला पाणी सुटलेलं असायचं, तरी ती वडी म्हणाली की तू वडीच सांगायचास. कधी मावाबाटी सांगितली नाहीस. आबा म्हणायचे, हा पोरगा दुभाष्या होणार दरबाराचा. त्या मुलाला मी शोधते आहे. तो तुमच्या खात्यात कुठे नोकरीला असेल तर त्याच्याकडे माझं हे पत्र द्या.

बेबीला मी तिसरी अट सांगितलेली नाही. पैसे वाढले एवढंच सांगितलं. ती नाचली, रघुवीर. या वयात.

घरमालकाला भाडं द्यायचं आहे, मुलांची वह्या-पुस्तकं आहेत, दुपारचं खाणं आहे. मी नाही म्हणू शकत नाही हे तुला माहीत आहे, म्हणूनच तू दुप्पट केलंस.

भवदीया,
प्रेमलता,
संचालिका


छत्रीबाग, इंदूर
३ डिसेंबर १९५३

रघुवीर,

तुझं खासगी पत्र मिळालं. शेवटी "ताई" म्हणालास, त्याबद्दल आभार मानू का?

तू लिहितोस की तुझ्या अटी नसत्या तर वरच्यांनी ती बाबच काढून टाकली असती. असेल. तू लिहितोस, नियम सगळ्यांना सारखे. असतील. तू लिहितोस, उद्या ही मुलं जगात गेली की त्यांचे हात कोण वाचणार. हा प्रश्न तू मला विचारतोस? तुला सहा वर्षांचा असताना ते वाचता येत होते, आणि तुला कोणी मुंबईला प्रशिक्षणाला पाठवलं नव्हतं.

मी कॉन्व्हेंटात होते तेव्हा मदर अगाथा आणि इतर सिस्टर जेवताना बोलायच्या नाहीत, त्यांचं व्रत होतं. मीठ हवं तर दोन बोटं चोळायच्या, पाव हवा तर बोटांनी गोल करायच्या. लांब टेबलावर एवढ्या बायका, आणि सगळा कारभार हातांनी, मजेत. बेबी मला घ्यायला बाईबरोबर फाटकाशी यायची. मदर अगाथानं तिला एकदा आत नेऊन त्या टेबलावर बसवलं. बाहेर आली ती मला म्हणाली, "इथे सगळ्या माझ्यासारख्या आहेत." त्या गोऱ्या बायका धडधाकट कान-जीभ असून हातांनी मीठ मागायच्या तर ते पवित्र. माझ्या बहिणीनं मागितलं तर ते अडाणी.

आणि तुझ्या पत्राचं शेवटचं पान. तुझ्या लेकीचं, लीलाचं ग्वाल्हेरच्या सरदार घराण्यात जमतं आहे, आनंद आहे. ती मंडळी चौकशी करतात, म्हणून "सध्या तिकडून कोणी येऊ नये, बेबीबद्दल कुठे बोलू नये". म्हणजे फाटकात मी "बाईजी" का झाले ते आता समजलं. ताप आला म्हणून कान गेले, रघुवीर. ताप हुंड्यात जात नाही. पण हे मी कोणाला सांगते आहे, तू त्या तापात तिच्या उशाशी बसायला हट्ट केला होतास, आई सांगायची.

आता तुझी ती सूचना. "बेबीला दाई म्हणून घेता येईल, पाणी द्यायला, झाडलोटीला, चतुर्थ श्रेणीत, पगारही लागेल." हे वाक्य मी फाडून चुलीत टाकणार होते. पण तुझं पत्र टेबलावर उघडं राहिलं आणि बेबी वाचायला शिकलेली आहे, तिला तू आणि मीच शिकवलं. सगळं वाचलं तिनं. अटीपासून लीलापर्यंत.

रडली नाही. भांडीही आपटली नाहीत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "पैसे घे. कस्तुरीला बूट नाहीत. मी दाई होते."

मी म्हटलं, मी नाही घेणार.

ती म्हणाली, "शाळा माझी आहे. तू संचालिका आहेस. मी सांगते, घे."

तर घेतलं आहे. निळ्या काठाची पांढरी साडी आणली तिला, तुमच्या नियमात दाईला तसा वेश आहे. आईचं महेश्वरी तिनं घडी करून ठेवलं. तुला शांत झोप लागावी म्हणून कळवते.

ताई


छत्रीबाग, इंदूर
१४ मार्च १९५४

रघुवीर,

तू उत्तर दिलं नाहीस, मीही वाट पाहिली नाही. पण सरकार पुन्हा उन्हाळ्याला इकडे येईल, समिती पुन्हा येईल, तेव्हा तुमची शाळा कशी चालते ते आधीच सांगून ठेवते. नंतर म्हणू नका, बाईजींनी कळवलं नाही.

मुंबईहून इंदिराबाई आल्या. तरुण आहेत, स्वच्छ आहेत, कष्टाळू आहेत. त्यांच्यावर माझा राग नाही, आणावा म्हटलं तरी येत नाही. त्या मुलांना हातांवर बसवतात. खरोखरच, मांड्यांखाली हात दाबून. आरसा समोर धरतात, गळ्याला मुलाचं बोट लावतात, "प" म्हणा, "ब" म्हणा. कस्तुरी "प" म्हणते. सुंदर म्हणते. आणि "प" म्हणजे काय ते तिला त्या तासात कोणी सांगत नाही, कारण सांगायचं कशानं? हात तर मांडीखाली.

मग रिसेस होते.

रिसेसमध्ये दाई चणे वाटते. कडुनिंबाखाली सगळी मुलं तिच्याभोवती बसतात, एक मूठ चणे डाव्या हातात, आणि उजवा हात मोकळा. तिथे "प" चं पाणी होतं, पाण्याची नदी, नदीचा पूर, पुरात वाहून गेलेला बेटम्याच्या कोणाचा तरी बैल, बैलाची किंमत, किमतीचा भागाकार. तुमच्या नियमात रिसेसबद्दल काही लिहिलेलं नाही. दाईनं चणे वाटताना हात हलवू नयेत असंही नाही. चणे हातानंच वाटतात.

चणे हळूहळू वाटायला ती शिकली आहे. एक एक देते.

इंदिराबाईंनी पहिल्या महिन्यात खिडकीतून पाहिलं आणि मला येऊन म्हणाल्या, "प्रेमलताबाई, हे माझ्या शिकवण्याच्या विरुद्ध आहे." मी म्हटलं, मग तक्रार करा, पत्ता देते, ग्वाल्हेरचा. पत्ता त्यांनी घेतला नाही. परवा त्यांनी रिसेस थोडी लांबवली. म्हणाल्या, घड्याळ मागे पडलं होतं. मुलं वर्गात हुशार होत चालली आहेत आणि त्याचं कारण त्यांच्या आरशात दिसत नाही, एवढं त्यांना कळलेलं आहे.

म्हणजे बघ, शाळा चालते आहे. मी अहवालात "प्रगति संतोषजनक" लिहिलं. ते लिहिताना माझी बोटं भाजली. तुझी सही करताना भाजतात का कधी?

लीलाचं ठरलं असं कानावर आलं. आईची नथ बेबीनं तिच्यासाठी बाजूला काढली आहे. आम्ही येणार नाही, घाबरू नकोस.

ताई


छत्रीबाग, इंदूर
२४ जुलै १९५४

रघुवीर,

दोन दिवस मी लेखणी हातात घेतली नाही. आज घेते.

तू तिथे होतास, तरी मी सगळं लिहिणार आहे. तू आपल्या सोयीचं लिहिशील, फायलीत ते राहील. हे इथे राहू दे.

कस्तुरीनं तोंडानं "नमस्ते" म्हटलं. "मेरा नाम कस्तुरी है" म्हटलं. दिनानाथजींचे डोळे भरून आले, खरे भरून आले, मी पाहिलं. ते वाईट नाहीत. ते म्हणाले, "चमत्कार है, बहनजी।" त्यांनी स्वतः खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, "तुम्हें किसने पढ़ाया?" कस्तुरीनं वाचलं. पूर्ण वाक्य, न अडखळता. तुमच्या समितीनं टाळ्या वाजवल्या.

तिनं "इंदिराबाई" म्हणायचं होतं. तसं ठरलेलं होतं, इंदिराबाईंनी चांगलं घोटून घेतलं होतं. तिनं इंदिराबाईंकडे पाहिलं, मग दाराकडे. दारात बेबी उभी होती, निळ्या काठाची साडी, हातात पाण्याची कळशी आणि फुलपात्र. तुम्हा लोकांना तहान लागली तर म्हणून. कस्तुरीनं मांडीखालचे हात बाहेर काढले. बेबीकडे बोट केलं आणि सांगितलं, "हिनं. रोज. झाडाखाली."

दिनानाथजींनी विचारलं, "क्या कह रही है?"

इंदिराबाईंना ती भाषा येत नाही. मी उठेपर्यंत तू बोललास. दोन भेटींत त्या वर्गात तू पहिल्यांदा कोणाचे हात वाचलेस. हात पाठीमागेच होते तुझे. तू म्हणालास, "पानी माँग रही है, साहब।"

दिनानाथजींचा तोबरा बेबीला वाचता येत नाही. तुझे ओठ ती जन्मभर वाचत आली आहे, आणि तू नेहमी स्पष्ट बोलतोस. आबांनी लावलेली सवय.

खोबऱ्याची वडी मागितली तर वडी सांगणारा तू.

तिनं काय केलं ते तू पाहिलंस. फुलपात्र भरलं, वर्गातून चालत आली, कस्तुरीसमोर धरलं. एक थेंब सांडला नाही. दाईचं काम होतं, केलं. कस्तुरीनं पाण्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि फुलपात्राला हात लावला नाही. ती तुझ्याकडे वळली आणि पालथ्या हातानं कोरडं तोंड पुसलं. एकदा, मग पुन्हा.

ही खूण कुठली ते तू विसरला नाहीस. तुझा चेहरा उतरला त्यावरून कळलं. दिवाळीच्या डब्यातले अनारसे खाऊन पालथ्या हातानं तोंड पुसत तू आईला सांगितलंस, मी नाही खाल्ले, आणि बेबी कोपऱ्यात उभी राहून पाहत होती. त्या दिवसापासून आपल्या घरात खोटं म्हणजे पालथा हात. घरातून ती खूण शाळेत गेली. कस्तुरीनं पुसलं, मग तिच्या शेजारच्यानं, मग मागच्या रांगेनं. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना. अख्खा वर्ग तुझ्याकडे बघून तोंड पुसत होता आणि दिनानाथजी म्हणत होते, "पानी तो लिया नहीं इसने।"

तेव्हा मी बोलले. हिंदीत बोलले, तुमच्या सगळ्यांना कळावं म्हणून. "साहब, पानी नहीं माँगा। लड़की ने कहा कि पढ़ाया उस बाई ने है, रोज़, रिसेस में। आपके साहब ने ठीक समझा और ग़लत बताया। ये मेरे भाई हैं। और वह जो पानी लेकर खड़ी है, इनकी बहन है।"

दिनानाथजी म्हणाले, "रघुवीरजी?"

तुला तेव्हाही संधी होती. एक शब्द पुरला असता. हो म्हणायचं होतंस. नुसती मान हलवली असतीस तरी बेबीनं आयुष्यभर तेवढ्यावर काढलं असतं. तू म्हणालास, "बहनजी भावुक हो रही हैं।"

आबांचं नाक तुम्हा दोघांच्या चेहऱ्यावर आहे, रघुवीर. दिनानाथजींनी तुझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग बाहेर जाऊन पान थुंकून आले. पहिल्यांदा स्वच्छ तोंडानं बोलले आणि मला म्हणाले, "आपने न कहा होता तो मैं दस्तख़त करके जा रहा था। अब सुन लिया है। सुना हुआ अनसुना कैसे करूँ?"

बरोबर आहे त्यांचं. कान असलेल्यांची ही अडचण असते.

कागद काय येणार ते मला ठाऊक आहे. मला त्याचं भय वाटत नाही. मला तुझी शिसारी येते, आणि ती येते याचं इतकं दुःख होतं की परवापासून अन्न जात नाही. हे दोन्ही खरं आहे.

प्रेमलता


छत्रीबाग, इंदूर
३० सप्टेंबर १९५४

रघुवीर,

कागद आला. अनुदान बंद. सही तुझी नाही, दुसऱ्या कोणाची आहे. तेवढी तरी लाज वाटली म्हणू, की तेवढीही जबाबदारी नको म्हणू?

शाळेच्या खोल्या सोडल्या. आता शाळा घरी भरते, आबांच्या बैठकीत. दरबारची माणसं जिथे लोडाला टेकून बसायची तिथे मुलं बसतात आणि भिंतीला खडू लावतात. घरात तुझाही वाटा आहे. हरकत असेल तर कळव, हिंदीत, शिक्क्यासह.

निम्मी मुलं गेली. आईबापांना वाटतं, सरकारनं हात काढला म्हणजे काहीतरी वाईट असणार. सोनाराचा मुलगा आता मोठा झाला आहे, दुकानावर बसतो. तो येऊन दुपारच्या खाण्याचं सांगून गेला, मी बघतो म्हणाला, म्हणजे हातानं म्हणाला. कस्तुरीचा बाप बेटम्याहून आला. मला वाटलं, पोरीला न्यायला आला. ओसरीवर उकिडवा बसला, पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. म्हणाला, "बाईजी, म्हारी छोरी पेलाँ रोती थी। अबे लड़े हे। इसकूल बंद मत करजो।"

आधी रडायची, आता भांडते. तुमच्या सगळ्या अहवालांत मी असं एक वाक्य कधी लिहू शकले नाही.

इंदिराबाई मुंबईला परत गेल्या. त्यांना पगार कुठून देणार. जाताना त्यांनी मुलांना हातानं "पुन्हा येईन" म्हणायचा प्रयत्न केला, भलतंच काहीतरी झालं, मुलं खूप हसली. त्याही हसल्या आणि मग टांग्यात बसून रडल्या.

बेबी आईचं महेश्वरी नेसून शिकवते. दाईची साडी तिनं पोतेऱ्याला केली.

लीलाचं लग्न झाल्याचं कळलं. सुखी राहू दे पोरगी. नथ आम्ही पार्सलानं पाठवली आहे. कोणाकडून आली ते तुला सांगायचं नसेल तर सांगू नकोस, बेबीनं आतमध्ये काही लिहिलेलं नाही.

हे पत्र मी खरं तर लिहिणार नव्हते. काल जेवताना एक झालं म्हणून लिहिते.

सरकार ग्वाल्हेरला परत निघालं, पेट्यांच्या गाड्या गल्लीच्या तोंडावरून स्टेशनकडे जात होत्या. बेबीला गाड्यांचा हादरा जमिनीतून कळतो. तिनं ताटावरून वर पाहिलं आणि मला विचारलं, "तो गेला?"

मी हातातल्या घासासकट थांबले, रघुवीर. कारण विचारताना तिनं कानाची पाळी ओढली नव्हती. इतकी वर्षं तुझं नाव घेताना तिचा हात कानाकडे गेला आहे, झोपेतसुद्धा गेलेला मी पाहिला आहे. काल तो गेला नाही. तिनं डावा तळहात पुढे केला आणि त्यावर मूठ आपटली, शिक्का मारतात तशी. मुलं समितीतल्या कुठल्याही माणसासाठी करतात ना, तीच.

मी म्हटलं, हो, गेला.

तुझं नाव चुकलं असं मी तिला सांगितलं नाही. तिनं ताक वाढून घेतलं आणि आम्ही जेवलो.

ताई